जूनमधली घोडी

गावाच्या सामाईक जंगलात विरळणी करायची होती, म्हणजे मधली काही झाडं काढून बाकीच्यांना वाढायला जागा द्यायची. ती घोड्याने करावी की यंत्राने, हे सांगायला मला बोलावलं होतं. माझं कामच ते: तोड झाली की उरलेली झाडं आणि जमीन तपासायची, आणि ही पद्धत नातवंडांच्या काळापर्यंत चालेल का ते सांगायचं. गावाला उत्तर आधीच ठाऊक होतं. घोडा चांगला, यंत्र वाईट. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

ताइस्तो माझ्या वडिलांचा दोस्त. घोडीने ओंडके ओढणारा आमच्या भागात तोच एक उरलेला. हे काम हातचं गेलं तर त्याला आपली घोडी व्हिर्मा विकावी लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

चाचणी म्हणून जंगलाची एक बाजू यंत्राने, दुसरी ताइस्तोच्या घोडीने विरळून घेतली होती. आधी यंत्राची बाजू पाहिली. फेब्रुवारीत, जमीन दगडासारखी गोठलेली असताना तिथली तोड झाली होती. चालकाने वाटेवर फांद्या अंथरून त्यावरून चाकं नेली होती. उभ्या झाडांना साधा ओरखडाही क्वचितच. मला रागच आला. दोष काढायला जावं आणि तो सापडू नये!

मग घोडीची बाजू, जूनमध्ये तोडलेली. जमीन सुरेख, वाट अरुंद. पण वळणावळणावर ओंडके घासून स्प्रूसच्या बुंध्यांची साल निघालेली. जूनमध्ये झाडात रस चढलेला असतो, साल उकडलेल्या बटाट्यासारखी सुटते. त्या जखमेतून बुरशी शिरते. बाहेरून झाड हिरवंगार, आतून भुसा.

समितीची प्रमुख राइली. तिला गाठून मी विचारलं, "जूनमध्ये घोडी घालायची अक्कल कुणाची?"

"अगं, उन्हाळी घरांतली माणसं तेव्हाच येतात ना! कॉफी केली, सॉसेज भाजले, पोरांनी फोटो काढले. झकास झालं!"

"हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते झाडांनी मोजलंय."

"जीभ अगदी बापावर गेलीय तुझी," राइली म्हणाली.

ताइस्तो तबेल्यात व्हिर्माला खरारा करत होता.

"काका, जूनमध्ये साल सुटते हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला विचारतेस? तुझ्या बापाला मीच शिकवलंय ते."

"मग 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"हेल्का, उभा जन्म ओंडके ओढले. कधी कुणी थांबून पाहिलं नाही. त्या दिवशी लोक टाळ्या वाजवत होते गं. वळणावर हळू घ्यायला हवं, हे दिसत होतं मला. नाही घेतलं."

मला रडूही आलं आणि त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशीही वाटली.

"मी जे पाहिलं तेच लिहिणार," मी म्हणाले.

"लिही. खोटं लिहिलंस तर घोडी तुझ्या दारात आणून बांधीन."

"पण हेही लिहीन की ही तुलनाच चुकली. यंत्राला फेब्रुवारी दिला, घोडीलाही द्या. मग ठरवा. राइली कुरकुरत का होईना, कबूल झालीय."

त्याचा हात थांबला. मला वाटलं, खूश होईल.

"उणे वीसच्या थंडीत," तो म्हणाला. "बघायला कोण असणार?"

"मी असेन की."

"तू होय," व्हिर्माच्या मानेवर थाप मारत तो म्हणाला, "तू झाडांकडे बघशील."