आवाज तयार होत आहे

सलूनच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण ते विचारलं असतं तर निम्म्या रस्त्याला सांगता आलं नसतं. सगळे त्याला तिखट्या म्हणत. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने तोंड उघडायचा अवकाश, की याचं उत्तर तयार. केस काय, कुठेही कापून मिळतात. लोक इथे टोमणे खायला येत आणि वर पैसे देऊन खुशीत घरी जात.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर त्याचा आवाजही गेला. मानेला श्वासापुरतं एक भोक राहिलं, त्यावर पातळ रुमाल. तिखट्या कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शाळेतल्या पाटी-पेन्सिलीने लिहून बघितलं, पण चष्मा काढून खुर्चीत बसलेल्या माणसाला पाटी काय दिसणार? आणि वाचून दाखवावा लागणारा टोमणा काय कामाचा?

शेवटी लेकीने आपला जुना टॅब्लेट आणून दिला. त्यात एक ॲप होतं, दिसायला अगदीच गरीब. पांढरं पान, ठळक अक्षरं आणि खाली 'बोल' असं एकच बटण. लिहायचं, दाबायचं, की ते बोलायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण ताबडतोब. त्या ताबडतोबमध्ये तिखट्याचा सगळा जीव होता. कात्री खाली ठेवून एका बोटाने दोन शब्द लिहायला तो असा तरबेज झाला, की सलून पुन्हा हसू लागलं.

आणि मग कुणा शहाण्यांना ते ॲप सुंदर करायची हुक्की आली. कुणी सांगितलं होतं त्यांना? एका सकाळी ते आपोआप बदललं. आता आधी एक रंगीत फूल उमलायचं, मग नवीन काय काय आहे त्याचं कौतुक, मग एक चक्र, आणि त्याखाली 'आवाज तयार होत आहे, कृपया थांबा'. आवाज आता टॅब्लेटमध्ये राहत नव्हता, इंटरनेटवरून कुठून तरी लांबून यायचा. वाक्यं आधी लिहून ठेवायची सोय होती, तीही गायब. बदल्यात आवाज मात्र फार गोड, जाहिरातीतल्या माणसासारखा. लेकीने कंपनीला कळवलं, तर उलट उत्तर आलं की आपलं उपकरण जुनं आहे, नवीन घ्या. जुनं ॲप परत मागितलं, त्याला उत्तरच नाही.

टोमणा उशिरा आला की तो टोमणा राहत नाही. गिऱ्हाइकं भली होती, ती थांबत. आरशात तिखट्याला त्यांचे चेहरे दिसत, हसू आधीच ओठांवर आणून ठेवलेले. त्या भलेपणाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. हळूहळू तो कमी बोलू लागला.

सगळ्यात जास्त सांभाळून घेई तो विमेवाला. हा त्याचा जुना दोस्त, डोक्यावर कानांमागची झालर सोडली तर सगळा माळ, तरी दर आठवड्याला हजर. पूर्वी दोघांची जुंपली की बाकीचे पेपर खाली ठेवत. "तिखट्या, एक पॉलिसी घे." "आधी तू मर. पैसे मिळाले का ते तुझ्या बायकोला विचारतो, मग घेतो." आता विमेवाला सोपे सोपे चेंडू टाकी आणि ताटकळत बसे.

परवा डॉक्टरांनी सांगितलं, गाठ परत आली आहे आणि या खेपेला काढता येण्यासारखी नाही. घरी तिखट्याने बायकोला अंगठा दाखवला, सगळं ठीक. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती स्वयंपाकाला लागली. पण हे एकट्याने पोटात ठेवणं त्याला झेपेना. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि असा माणूस एकच होता.

विमेवाला दुपारी आला तेव्हा सलूनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. चष्मा काढून, कापड गुंडाळून तो खुर्चीत बसला. तिखट्याने एका बाजूची झालर नीट केली, दुसऱ्या बाजूला हात थांबला. त्याने कात्री ठेवली आणि टॅब्लेट उचलला.

"अरे, टकलावर केस उगवायचं औषध निघालंय म्हणे," विमेवाला म्हणाला. "लावून बघू का?"

तिखट्या लिहीत राहिला. बटण दाबलं. फूल उमललं. चक्र फिरू लागलं.

विमेवाला ओठ दाबून वाट बघत होता. मित्राने एवढं लांबलचक लिहिलंय म्हणजे आज जोरदार काहीतरी येणार. आणि या खेपेला तरी हसू उशिरा यायला नको, याचा हिरमोड होऊ द्यायचा नाही, म्हणून तो आधीच हसू लागला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. "बस रे बस! पोट दुखेल माझं!"

चक्र थांबलं. त्या गोड आवाजाने सांगितलं, "विम्या, गाठ परत आली. आता काढता येत नाही म्हणाले. घरी बोललो नाही. फक्त तुला सांगतोय."

विमेवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं, ते कसं पुसावं हे त्याला कळेना.

ते तिखट्याला बघवेना. आपलं काय व्हायचं ते होईल, आधी याला यातून सोडवायला हवं. त्याने घाईघाईने लिहिलं, "गंमत केली रे! कसा फसलास!" आणि बटण दाबलं. टॅब्लेटने विचारलं, आमचं ॲप आवडलं का? त्याने ते बंद केलं. चक्र फिरू लागलं.

तोवर विमेवाला उठला होता, गळ्यात कापड तसंच. त्याने तिखट्याचे दोन्ही खांदे धरले. "मी हसलो रे," तो म्हणाला. "तू सांगत होतास आणि मी हसलो." आणि तो ढसाढसा रडू लागला. तिखट्याही रडला. त्याच्या रडण्याला आवाज नव्हता, मानेवरचा रुमाल तेवढा आत-बाहेर होत राहिला.

मग टॅब्लेट बोलला, गंमत केली रे, कसा फसलास. दोघांपैकी कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.