पाहून पसंत केलेली खोली

आमच्या जावयाला 'नाही' म्हणता येत नाही. ना दुकानदाराला, ना टॅक्सीवाल्याला, रस्त्यात जाहिरातीचे कागद वाटणाऱ्यांनासुद्धा त्याच्याने 'नाही' म्हणवत नाही. खिशात हात घातला की दातांच्या दवाखान्यापासून गाळ्यांच्या विक्रीपर्यंत सगळे कागद बाहेर येतात. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, माझ्या लेकीवर आवाज चढवत नाही. पण त्या दिवशी मी त्याला हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पाठवला होता पैसे परत मागायला, आणि तो वर आला साबण घेऊन.

"आई, नवीन साबण दिला त्यांनी. सीलबंद आहे."

"आणि पैसे?"

"बोलतो ना. खाली जरा गर्दी होती."

गर्दी म्हणजे एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. येताना मीच पाहिले होते.

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. मनातल्या मनात अरे-तुरे. सासूला तेवढी मोकळीक हवीच.

आम्ही त्या शहरात गेलो होतो ते यांच्या छातीसाठी. चौतीस वर्षं आम्ही दोघांनी लाँड्री चालवली. धुणं माझं, इस्त्री यांची. दोन वर्षांपासून यांचा दम पुरेना. मोठ्या हॉस्पिटलात दहा दिवस रोज सकाळी जायचं आणि उपचार घ्यायचे असं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी बोट रोखून सांगितलं होतं, "राहायची जागा हवेशीर बघा. कोंदट खोलीत ठेवलंत तर सकाळी मी जे करीन ते संध्याकाळपर्यंत पाण्यात जाईल."

जावई बटणं विकायच्या कामाने महिन्या-दोन महिन्यांनी त्या शहरात जातो. म्हणाला, "आई, तुम्ही काळजीच सोडा. मी स्वतः जाऊन खोली पाहून आलोय. हॉस्पिटलपासून दोन गल्ल्या. खिडकी उघडली की समोर झाड." ते झाड माझ्या लेकीने सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवलं. मी दहा दिवसांचे पैसे त्याच्या हातावर ठेवले, त्याने ते आगाऊ भरून टाकले. माझ्याकडे उरले ते औषधांपुरते. म्हणजे इथले पैसे परत मिळाले तर दुसरी खोली, नाहीतर हीच.

सकाळी पोचलो तेव्हा लिफ्टवर 'बंद' असा कागद होता. कागद पिवळा पडून कोपऱ्यात दुमडला होता, यावरून समजा. हे चार पायऱ्या चढायचे आणि कठड्याला धरून उभे राहायचे. तीन मजल्यांना अर्धा तास लागला. वर पोचलो तेव्हा यांचे ओठ निळसर दिसत होते. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की रोज हा जिना जमायचा नाही, ही जागा सोडायची, आणि आता यांना उतरवायचं ते एकदाच, पैसे हातात पडल्यावर. उतरवून परत चढवायची वेळ आली तर यांच्याने होणार नाही.

खोलीचं दार उघडलं तसा ओल्या गोणपाटाचा वास आला. दोन पलंग, एक खुर्ची, आणि समोर छतापासून जमिनीपर्यंत जाड तपकिरी पडदा. मी यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, थांबा, खिडकी उघडते. पडदा सरकवला.

मागे भिंत.

दुसऱ्या बाजूने सरकवला. तिकडेही भिंतच. तिला रंगसुद्धा दिलेला नव्हता. कोण बघणार आहे म्हणून नुसता गिलावा करून सोडली होती.

"झाड कुठाय?" मी विचारलं.

जावई पडद्याकडे असा बघत होता जसा काही पडद्यानेच त्याला फसवलंय. "बहुतेक... त्या बाजूच्या खोल्यांना असेल, आई."

मला तिथेच कळलं. या माणसाने या इमारतीत आज पहिल्यांदा पाय ठेवलाय. पण बोलायचं कसं? हे समोर बसलेले, यांना त्रास नको. आणि इथे मी तोंड उघडलं की ते तिकडे लेकीच्या घरात ऐकू जाणार. तिने झाडाचं इतकं कौतुक केलेलं. मी एवढंच म्हटलं, "पैसे परत आणा."

तर पहिल्या फेरीत साबण आला.

दार उघडं ठेवून पाहिलं. बाहेरच्या बोळालाही खिडकी नाही, आणि खाली कुठेतरी जनरेटर चालला होता त्याचा धूर जिन्यातून सरळ वर येत होता. यांना ठसका लागला. दार लावलं. आत वास, बाहेर धूर. हे खुर्चीत पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. दम लागला की ते तसेच बसतात, आणि कोणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणतात.

दुसऱ्या फेरीत जावयाने टेबलफॅन आणला. तो मान सारखी इकडून तिकडे हलवायचा, नाही-नाही करत. म्हटलं, चला, निदान याला तरी येतंय.

"मागितले का पैसे?"

"विषय काढलाय, आई. जरा कोंदट वाटतंय म्हणून सांगितलं."

"वाटतंय?"

तो तिसऱ्यांदा खाली गेला आणि सुगंधी फवारा घेऊन आला. मी नको म्हणेपर्यंत त्याने तो मारलासुद्धा. हे पाच मिनिटं खोकत होते. मी फवारा त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "जावईबापू, आता रिकाम्या हाताने या, पण उत्तर घेऊन या."

तो गेला आणि मी त्या चार भिंतींत बसून राहिले. मला रिकामं बसता येत नाही. पलंगावर हात फिरवला तर चादर कडक इस्त्रीची. पण मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी हाताळल्या आहेत. ती धुतलेलीच नव्हती. वापरलेल्या चादरीवर पाणी शिंपडून वरून इस्त्री फिरवली की ती दिसते नवीकोरी, पण नाक जवळ नेलं की घाम भाजल्याचा वास येतो. उलटून पाहिलं तर कडेला तेलाचा डाग, मधे चहाचा. उशीच्या अभ्र्यावर कोणाच्या तरी डोक्याचा कलप.

यांना यावर झोपवायचं?

मग काय झालं ते मी नीट सांगते, कारण चूक माझी आहे. मी चादरी ओढल्या. बाथरूममध्ये नेल्या. तो सीलबंद साबण फोडला. डाग आधी चोळले, मग सगळं घुसळलं, पिळलं, नळीवर वाळत टाकलं. तिथे उभीच होते तर बाथरूमच्या फरशा घासल्या, भांडं घासलं, बेसिनमधले केस काढले. बाहेर येऊन खुर्चीखालची जळमटं, कोपऱ्यातली झुरळाची अंडी, दिव्याची धूळ. हात थांबेचनात. हे मान वर करून म्हणाले, "अगं, आपण इथून जाणार आहोत ना?"

"जाणारच आहोत."

"मग लख्ख कशाला करतेस?"

मी हातातल्या फडक्याकडे बघत उभी राहिले. एवढ्यात जावई आला. या खेपेला उशी घेऊन.

मी खोलीतला फोन उचलला आणि कोणी वर येत नाही तोवर बोलतच राहिले. शेवटी मॅनेजर स्वतः आला. टाय लावलेला, धापा टाकत. त्यालाही तीन मजले चढावे लागले होते, त्यामुळे जरा बरं वाटलं.

"बोला मावशी, काय प्रॉब्लेम आहे?"

"मावशी नको. मी तुमच्या आईची बहीण असते तर तुम्हाला असं हॉटेल चालवू दिलं नसतं. ही खोली आम्हाला नको. पैसे परत द्या."

"पण कारण काय?"

"घाण आहे."

त्याने आजूबाजूला बघितलं. बाथरूममध्ये डोकावला. बेसिनवर बोट फिरवून ते बोट मला दाखवलं. स्वच्छ. माझ्याच हातची स्वच्छता माझ्या तोंडावर.

"काकू," आता काकू झाले मी, "इतकी साफ खोली तर मीसुद्धा आमच्याकडे कधी पाहिली नाही."

"कारण मी ती आत्ता साफ केली! त्या चादरी बघा, ओल्या आहेत. तेलाचे डाग होते त्यांच्यावर."

"आता तर नाहीत."

डाग निघाले नसते तर बाजू माझी होती. पण मी धुतलेल्या कापडावर डाग राहत नाही.

मी गेले आणि पडदा खसकन ओढला. "मग ही धुऊन दाखवू का? ही भिंत? दम्याच्या माणसाला बिनखिडकीच्या खोलीत ठेवता आणि वर पडदा लावता?"

मॅनेजरचा चेहरा पहिल्यांदा जरा उतरला. पण त्याच्या हातात कागद होता. तो त्याने उघडला. "हे बघा. नियम असा आहे, की खोली न पाहता घेतली असेल आणि आवडली नाही, तर त्याच दिवशी सोडता येते. पैसे परत मिळतात. आमच्या मालकांचाच नियम आहे. पण इथे लिहिलंय, 'खोली पाहिली, पसंत आहे.' खाली सही. सकाळी काउंटरवर मी स्वतः विचारलं होतं, आधी वर जाऊन पाहता का? साहेब म्हणाले, पाहिलीय. तुम्ही शेजारीच उभ्या होतात."

होते. मी शेजारीच उभी होते, आणि म्हणूनच तो तसं म्हणाला होता. माझ्यासमोर 'नाही पाहिली' कसं म्हणणार? घरी झाड लावून बसला होता ना.

"बुकिंग साहेबांच्या नावावर आहे," मॅनेजर म्हणाला. "त्यांनी सांगावं. सर, तुम्ही खोली पाहिली होती की नव्हती?"

सगळे जावयाकडे बघायला लागले. त्याने उशी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मी मनात म्हणत होते, बोल. एकदाच बोल. पण मीच जर म्हटलं की हा खोटं बोललाय, तर तो मान डोलावून त्यालाही हो म्हणेल, आणि मॅनेजर म्हणेल सासूने म्हणवून घेतलं. त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

"तसं... ॲडजस्ट करता येईल," जावई म्हणाला. "फॅन आहे. दिवसा आपण दार जरा..."

"सर, पाहिली होती ना?"

"म्हणजे..."

तेवढ्यात यांनी हात वर केला. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण आवाजच निघेना. तोंड उघडलं, हवा ओढली, ती आत गेली नाही. पुन्हा ओढली. शिट्टीसारखा आवाज आला. मी धावले, पाठ चोळायला लागले, दम्याचा पंप शोधायला लागले, पिशवीत तो सापडेना. मॅनेजर दाराकडे सरकला. आणि यांनी तो वर केलेला हात जावयाच्या मनगटावर ठेवला. नुसता ठेवला.

"नव्हती पाहिली," जावई म्हणाला.

"काय?" मॅनेजर म्हणाला.

"नव्हती पाहिली!" हा आवाज मी त्याचा अकरा वर्षांत ऐकला नव्हता. "मी आलोच नव्हतो इथे. फोनवर बुक केली. घरी सांगितलं पाहून आलो. झाडाचं मीच बनवून सांगितलं. सकाळी आई शेजारी होत्या म्हणून सही केली. मला पैसे परत पाहिजेत. आत्ता. आणि खुर्चीला एका बाजूने हात लावा, बाबांना खाली न्यायचंय."

पंप सापडला. दोन दाबांनंतर यांचा श्वास जरा खाली बसला. मॅनेजर आणि जावई, दोघांनी मिळून यांना खुर्चीसकट तीन मजले उतरवलं. मी मागून पिशव्या घेऊन. दुसऱ्या मजल्यावर मॅनेजर थांबून घाम पुसायला लागला तेव्हा मी म्हटलं, "लिफ्ट दुरुस्त करा, टायवाले. रोज कोणी खुर्ची धरायला येणार नाही."

काउंटरवर त्याने एका दिवसाचे कापून नऊ दिवसांचे परत केले. साबण फोडला, बाथरूम वापरलं म्हणाला. मी म्हटलं, कापा. चादरी धुतल्याचे मी लावत नाही, उपकार समजा.

बाहेर आलो. फुटपाथवर बसस्टॉपचा बाक होता. यांना तिथे बसवलं. गाड्यांचा आवाज होता, पण वारा होता. पाच-सात मिनिटांनी यांच्या ओठांना रंग आला, आणि ते जावयाला म्हणाले, "मगाशी मला एवढंच म्हणायचं होतं, की पाणी द्या कोणीतरी." जावई हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. उशी अजून त्याच्या काखेत होती. चोरून नाही आणली; ठेवायचं सुचलंच नव्हतं.

दुपारचे दोन वाजले होते. हातात पैसे, पायाशी पिशव्या, आणि राहायला जागा नाही. तो म्हणाला, "आई, तुम्ही काहीच बोलत नाही."

मी म्हटलं, "बोलते. शेवटी बोललात, ते मी लेकीला सांगेन. खोटं बोललात तेही सांगेन, त्यात काही झाकणार नाही. कोणाला दुखवत नाही म्हणून सगळे तुम्हाला भला माणूस म्हणतात. मी आजपासून म्हणणार नाही. त्या मॅनेजरला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही यांना तीन तास कोंडून ठेवलंत, जावईबापू. आता जा आणि दुसरी खोली बघा. जिना स्वतः चढा, खिडकी स्वतःच्या हाताने उघडा, आणि आवडली नाही तर तिथल्या तिथे नाही म्हणा. नाही म्हणायला जमत नसेल, तर इथे बसून यांना वारा घाला. मी जाते."