गाजराचं बोट

गारखेड्यातल्या शाळेत पुंजाराम सर सुतारकाम शिकवायचे. बोट तुटलं तर काय करायचं, याची दर शनिवारी ते गाजरावर तालीम घ्यायचे. तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळायचा, पिशवीत घालायचा, पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवायची. तालीम संपली की गाजर शिपाई कारभारींच्या शेळीला जायचं.

त्या शनिवारी तालीम चालू असतानाच फळ्या कापायच्या मशीनवर सरांची तर्जनी गेली. कुणी किंचाळलं नाही. मीनाक्षीनं जखम दाबून धरली, बाकीच्या मुलींनी बोट गुंडाळून, पिशवीत घालून डब्यात तालमीच्या पिशवीशेजारी ठेवलं. कारभारींनी नेहमीप्रमाणं आपली पिशवी काढून घेतली आणि डबा रिक्षात दिला. पांढरेफटक पडलेले सर म्हणाले, "शाब्बास! अगदी शिकवलं तसंच केलंत."

दवाखान्यात डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि चष्मा पुसून पुन्हा आत पाहिलं.

"तुकडा वेळेत आलाय, गारही आहे," ते म्हणाले. "पण सर, हे गाजर आहे."

सरांनी डाव्या हातानं फोन लावला. "कारभारी, ती पिशवी कुठंय?"

"शेळीम्होरं टाकली की, सर."

सरांना धीर आला. शेळी काही बोट खात नाही. "खाल्लं का तिनं?"

"नाय, तोंड बी नाय लावलं. म्हनलं गाजर नासलंय, म्हून फडक्यासकट बाहेर फेकलं."

"मग पळा, उचलून आणा!"

"ते कुत्र्यानं कवाच उचललं, सर."

सरांनी फोन खाली ठेवला आणि हात डॉक्टरांपुढं केला. "शिवून टाका."