मास्तरांची मुळाक्षरं

"अहो, डावीकडून! कितीदा सांगायचं?" मी चुलीपुढून ओरडले. तव्यावर भाकरी करपत होती आणि आमचे मास्तर ताटात राख पसरून बोटानं अक्षरं काढत होते. क पार उजव्या कडेला, त्याच्या डावीकडे ख, मग ग.

"बावीस वर्षं उर्दू शिकवली, झुंबर. हात आपसूक तिकडूनच सुरू होऊन राह्यला."

"मंग सांगा की त्या हाताला, निजामाचं राज्य गेलं म्हणून!"

पोलीस ॲक्शननंतर जाफराबादजवळच्या आमच्या गावची शाळा मराठी झाली. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण मास्तरांना त्यातलं एक अक्षर लिहिता येत नव्हतं. मला येत होतं, पोथी वाचता यावी म्हणून वडिलांनी शिकवलेलं. म्हणून पहाटे मी त्यांना शिकवायची आणि दहा वाजता तेच ते पोरांना शिकवायचे. यांना ण दोन दिवस बसेना, तर पोरंही दोन दिवस णवर अडकलेली. डोकं फिरायचं माझं! त्यात शाळा तपासणारे साहेब येणार होते. मराठी न येणाऱ्या मास्तरांना ते सरळ घरी बसवतात, असं कानावर आलं होतं.

साहेब आले त्याच दिवशी मास्तर चष्मा घरी विसरले. काय म्हणावं या माणसाला! मी तो घेऊन पळत शाळेत गेले, तर साहेबांच्या हातात कचरूची पाटी होती. ओळ उजवीकडून. शेजारच्या मच्छिंद्रची तशीच. तीस पोरं, तीस पाट्या, सगळ्या उलट्या. मेल्यांनी मास्तरांचं दुसरं काही उचललं नव्हतं, एवढं मात्र उचललं होतं.

"हे कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब. पोरांचा कसूर बिलकुल न्हाई. मला घरी बायको शिकवती. तिचं बराबर असतं, चूक माझी हाय."

मास्तरांनी दारात उभ्या माझ्याकडे बोट केलं, तसा साहेबांनी खडू माझ्यापुढे धरला. मी पदर सारखा केला आणि क ते ज्ञ लिहून काढलं. तालुक्यात दुसरा शिक्षक मिळत नव्हता. मास्तर परीक्षा पास होईपर्यंत वर्ग मीच घ्यावा, असं साहेब म्हणाले.

"आन् न्हाई झाले तर?" मी विचारलं.

"मग पुढेही तुम्हीच."

सोमवारी मी फळ्यापुढे उभी राहिले. मास्तर शेवटच्या रांगेत, तरटावर, कचरूशेजारी मांडी घालून बसलेले. अंगात कोट, मांडीवर पाटी. पोरं मला सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

"फळ्याकडं बघा रे!" मी खेकसले.

तेवढ्यात मास्तरांनी बोट वर केलं. विचारल्याशिवाय वर्गाबाहेर जायचं नाही, हा नियम त्यांनीच पोरांना घालून दिलेला. ते उभे राहिले.

"बाई, पाणी पिऊन येऊ का?"

कुणी हसलं नाही. घरी महिनाभर मी या माणसावर नुसतं तोंड टाकलं होतं. आता साधं 'जा' म्हणायला जीभ रेटेना. आणि मी म्हटल्याशिवाय ते काही जागचे हलेनात.