नसलेली धूळ

खगोलशास्त्राच्या त्या विभागात बाईंचा दरारा होता, आणि बाईंना तो आवडायचाही. दूरच्या एका दीर्घिकेच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर होतं. त्यात पडणाऱ्या वायूचा प्रकाश अचानक भडकला, तेव्हा बाईंनी बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, "भोवती धुळीचं कडं असणार. हा उजेड तिथवर पोचला की धूळ तापेल आणि अवरक्त प्रकाशात झळकेल. उन्हाळा संपायच्या आत बघा."

उन्हाळा संपला, हिवाळाही अर्धा सरला. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त दुर्बिणीचा आलेख आपला आडवा पडलेला. शेजारच्या खोलीतला सहकारी जेवणाच्या सुट्टीत हटकून विचारायचा, "काय, तापली का धूळ?"

शेवटी बाईंचंच डोकं तापलं. आपला अंदाज चुकला असेल हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. चुकली होती ती दीर्घिका! त्यांनी शोधनिबंध लिहिला: इथे धूळच नाही. त्यांचे जुने गाईड सर फोनवर म्हणाले, "अगं, कडं लांब असेल. उजेडाला पोचायला वेळ लागतो. जरा थांब की."

"किती थांबायचं, सर?" म्हणत बाईंनी निबंध धाडून दिला. हाच मुद्दा आपण दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो, हे त्यांना फार नंतर आठवलं.

निबंध छापून आला. नवऱ्याने तो कौतुकाने आपल्या आईला दाखवला. "धूळ नाही हे सांगायला एवढी पानं?" सासूबाई म्हणाल्या. "आधी आपल्या घरात सिद्ध करून दाखव म्हणावं."

त्याच आठवड्यात आलेख वर चढू लागला. बाईंनी आधी दुर्बिणीच्या इंजिनिअरला झापलं, "तुमचं उपकरण नीट थंड होत नाहीये, त्याचीच उष्णता आलेखात दिसतेय!" त्याने सगळं तपासलं. उपकरण ठणठणीत होतं. तापली होती ती धूळच.

बाई खुर्चीत टेकल्या आणि एकट्याच खो खो हसत सुटल्या. सहकारी धावत आला. आलेख पाहून त्याचे डोळे लकाकले. "तुमच्या निबंधाचं खंडन मी लिहू?"

"खबरदार! एवढी घसघशीत चूक मी करायची आणि नाव तुझं व्हायचं? मीच लिहिते."

आणि लिहिलंही. उजेड भडकल्यापासून धूळ तापेपर्यंतचा उशीर मोजून त्यांनी कड्याचं अंतर काढलं. ते अंदाजाच्या तिप्पट निघालं. मग त्यांनी इंजिनिअरची माफी मागितली आणि सरांना फोन लावला.

"सर, धूळ सापडली."

"कोणाला?"

"जी नाही म्हणत होती, तिलाच."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते परत येईपर्यंत बाई फोन कानाला लावून थांबल्या.