चूक लिहिली म्हणून मेमो

माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घरी आम्ही तिला याडी म्हणतो, दवाखान्यात सगळे बिजली सिस्टर. परवा तिला मेमो मिळाला. चूक केली म्हणून नाही, चूक लिहिली म्हणून! तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून थंड झालेलं नाही.

झालं असं. बायकांच्या वॉर्डात दोन जमनीबाई राठोड भरती होत्या. आमच्या बंजारा तांड्यांवर यात काही नवल नाही, एक हाक मारा, चार जमनी वळून बघतात. केसपेपरवर एकीपुढे हिरासिंग, दुसरीपुढे नेमसिंग. पण म्हातारी बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढेल तर शपथ! याडीनं विचारलं, "हिरासिंगची जमनी का तू?" बाई पदरात तोंड लपवून लाजली, मान हलवली. याडीनं शुगरची गोळी तिच्या हातावर ठेवली. तेवढ्यात सून ओरडली, "अवं सिस्टर, आमच्या बुढीले शुगर नाही, बीपी हाय!" गोळी तोंडात जाता जाता राहिली.

पलंगांच्या वर भिंतीवर नंबर असते तर हे झालंच नसतं. दिवाळीआधी भिंतींना रंग दिला, त्यात नंबर गेले ते गेलेच.

याडीनं हे सगळं चुकांच्या नोंदवहीत लिहिलं. ही वही वरूनच आलेली आहे, चुका कळाव्यात आणि परत होऊ नयेत म्हणून. पण पहिल्याच महिन्यात एका सिस्टरनं लिहिलं, तर मोठे डॉक्टर, पांढरीपांडे सर, यांनी ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून तिला रडवलं. मग तीन वर्षं वही कोरी. वर जिल्ह्याकडून शाबासकी, की या दवाखान्यात एकही चूक होत नाही!

सरांच्या मेमोत होतं, तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सेवापुस्तकात शेरा. शेरा म्हणजे याडीची बढती गेली. सोळा वर्षं ती त्या बढतीची वाट बघतेय.

मी दहावीत आहे. मागच्याच महिन्यात विज्ञान प्रदर्शनात तालुक्यातून पहिली आले. त्यामुळे माझी पक्की समजूत होती की पुरावा समोर ठेवला की माणूस मानतो. मी चिठ्ठ्या कापल्या, प्रश्न लिहिला: "सहा महिन्यांत तुमच्या हातून औषध भलत्यालाच जाता जाता राहिलं का? कारण काय? नाव लिहू नका." मिठाईचा रिकामा डबा घेऊन दवाखान्यातल्या चौदा सिस्टरांकडे फिरले.

"पोरी, आम्हा सगळ्याईले घरी बसवतं काय?" अनघा सिस्टर म्हणाल्या. पण चिठ्ठी टाकली.

चौदापैकी अकरा 'हो'. नऊ जणींचं कारण एकच, पलंगाला नंबर नाही. मी नाचायचीच बाकी होते!

तिसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी याडीसोबत सरांच्या केबिनमध्ये गेले. चिठ्ठ्यांवरून केलेला तक्ता टेबलावर पसरला.

"वा, अक्षर सुंदर आहे हं तुझं," सर म्हणाले.

"सर, अक्षर नका बघू, अकरा बघा."

"या अकरा जणी कोण?"

"नावं घेतलीच नाहीत. घेतली असती तर चौदाही 'नाही' आल्या असत्या."

"मग हा पुरावा नाही बेटा. ही कुजबुज आहे."

"पलंगावर नंबर नाही हे त दिसते ना सर? त्याले कोणाचं नाव पायजे?" मी चिडले की शाळेची भाषा पळून जाते. याडीनं माझा हात दाबला.

सरांनी आवाज मऊ केला. "सिस्टर, मी तुमच्या वाईटावर नाही. ती नोंद 'नजरचुकीने लिहिली' म्हणून खोडा, सही करा, मेमो आत्ता फाडतो. गुरुवारी जिल्ह्याची तपासणी टीम येतेय."

वही त्यांनी पुढे सरकवली. खरं सांगते, मलाही वाटलं, काट याडी, काटून टाक!

याडी लिहायला लागली. लिहितच राहिली.

"एवढं काय लिहिताय?"

"आज सकाळचं जी. पुरुषांच्या वॉर्डात उकंडा नावाचे दोन पेशंट हाय. मी इंजेक्शन भरून दुसऱ्याच उकंडापाशी उभी होती. तेथंही नंबर नाही."

सरांनी मेमोवर 'खुलासा असमाधानकारक' लिहिलं आणि फाइल बंद केली.

बाहेर येताच मी फुटले. "आता बढती गेली ना!"

"गेली."

"मंग काहून लिहिलं?"

"अन त्या दुसऱ्या उकंडाले टोचलं असतं त?" ती गोळ्यांचा ट्रे उचलून आत गेली. डोळे पुसत गेली, मला दिसलं.

मला सरांचा राग, याडीचा राग, माझ्या तक्त्याचा तर सगळ्यात जास्त. मी माझ्या शाळेच्या वहीची पानं फाडली, स्केचपेननं मोठे मोठे आकडे काढले, अनघा सिस्टरकडून चिकटपट्टी घेतली आणि पलंगांच्या वर भिंतीवर लावत सुटले. सातापर्यंत आले तर शिपाई धावत आला.

"ए पोरी, सर म्हणते टीम येऊन राह्यली, नव्या रंगावर काही चिकटवू नको. आयकू नाही आलं काय?"

"आलं ना," मी म्हटलं आणि आठवा लावला.