ग्राफिक्स कार्ड अजून ठरलेलं नाही

त्या दिवशी सकाळी माझ्या धाकट्या भावाने स्वतःहून चहा केला आणि मी घाबरले.

तुमच्या घरी कुणी लवकर उठून चहा केला तर तुम्हाला बरंच वाटेल. एरवी मलाही वाटलं असतं. पण मागच्या वर्षी याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. तो वाचला, बरेच दिवस दवाखान्यात राहिला आणि घरी सोडताना डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन कशाकशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं. गप्प राहिला, जेवला नाही, झोपला नाही तर कळवा, इथपर्यंत मला समजण्यासारखं होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि एकदम खूश दिसायला लागला, सगळं आवरून ठेवायला लागला, आवडीच्या वस्तू देऊन टाकल्या किंवा विकल्या, तरीही कळवा." म्हणजे तोंड पाडून बसला तरी घाबरायचं आणि हसला तरी घाबरायचं. तेव्हापासून मी दोन्हीला घाबरत आले आहे.

लोक कारण विचारतात. नोकरी गेली का, एखाद्या मुलीचं काही होतं का, असं आवाज खाली आणून विचारतात. कारण हाती लागलं की ते आपल्या घरात नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायला मोकळे. डॉक्टरबाई म्हणतात हा आजार आहे, औषध चालू ठेवायचं. मीही तेवढंच सांगते आणि विषय तोडते. आई-बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. तो पूर्वी समारंभांचे फोटो काढायचा, आता घरीच असतो.

घरी आल्यावर कितीतरी दिवस तो हो-नाहीच्या पुढे बोलला नव्हता. मग एकदा जेवताना म्हणाला, "ताई, गेम खेळण्यासाठी एखादा कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं तर आपल्याला परवडेल का गं?" माझा घास हातातच राहिला. त्याने हत्ती मागितला असता तरी मी दारात बांधायची तयारी केली असती. शिवाय डॉक्टरबाईंनी हेही सांगितलं होतं, की त्याच्यापुढे उद्यासाठी काही ना काही असू दे. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं.

तयार कॉम्प्युटर महाग पडतो, सुटे भाग निवडून आपणच जुळवला तर तेवढ्याच पैशात चांगला होतो, असं तो म्हणाला. आम्ही बजेट ठरवलं. रोज संध्याकाळी मी आले की शिकवणी सुरू व्हायची. प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्डावर सगळं बसतं. ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं आणि सगळ्यांत जास्त पैसे खातं. पॉवर सप्लाय सगळ्यांना वीज पुरवतो आणि तिथे चिंगूसपणा केला तर बाकीच्यांना घेऊन जळतो. एक भाग बदलला की उरलेलं गणित पुन्हा मांडायचं. दवाखान्यातून आल्यावर तो पहिल्यांदा चिडला तो एका प्रोसेसरवर, कारण तो आवडला होता आणि आमच्या बजेटातल्या बोर्डावर बसत नव्हता. त्याला तसं तणतणताना बघून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

प्रोसेसर आला, बोर्ड आला, मग रॅम आणि कॅबिनेट, म्हणजे हे सगळं आत बसवायची पेटी. दुकानदाराला आम्ही पंखेवाला म्हणायचो, कारण कॉम्प्युटरचे पंखे तो दारात टांगून ठेवायचा. वस्तू घरी आली की भाऊ दिवसभर खोका उघडून बघत बसायचा. दुसऱ्या दिवशी मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, पुढच्या वस्तूची शोधाशोध सुरू होईपर्यंत. हे मी दरवेळी पाहिलं. शेवटी ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय एवढंच उरलं, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तेही ठरलं की पुढे काय? त्यानंतरच्या उद्याचं याला काय वाटणार?

म्हणून मी ते ठरूच द्यायचं नाही असं ठरवलं.

पैसे होते. वेगळे काढून ठेवलेले होते, त्यांना मी हातही लावला नव्हता. त्याला मात्र म्हणायचे, या महिन्यात जमणार नाही रे. नुसतं तेवढ्याने भागेना, तेव्हा मी फाटे फोडायला शिकले. हे कार्ड लांब आहे, कॅबिनेटमध्ये मावणार नाही. ते कार्ड मावतं पण वीज जास्त ओढतं, म्हणजे पॉवर सप्लाय मोठा लागणार, म्हणजे बजेट बोंबललं. वापरलेलं नकोच, आधीच्या मालकाने किती राबवलंय कुणास ठाऊक. आणि थांब ना जरा, नवीन आलं की जुन्याचा भाव पडतो. दुपारी दुकानात काचा घासता घासता मी संध्याकाळच्या हरकती जुळवत असायचे. भावाने माझं नाव फाटेबाई ठेवलं. पंखेवाला म्हणाला, "ताई, तुम्ही ते चष्म्याचं दुकान सोडा आणि समोरच्या माझ्या स्पर्धकाकडे नोकरीला लागा. त्याचं दुकान बंद पाडाल."

हसू यायचं, पण जीव टांगणीलाच असायचा. रोज जिना चढताना मी मनात म्हणायचे, कार्ड अजून ठरलेलं नाही, म्हणजे आजचा दिवस ठीक आहे. हा काय वेडेपणा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. रोज तो जिना तुम्हाला चढायचा नव्हता.

आणि त्या सकाळी चहा तयार. अंथरुणाची घडी घातलेली, खोली झाडलेली, टेबलावरचा पसारा गेलेला. साहेब काहीतरी गुणगुणत होते.

"आज काय विशेष?" मी विचारलं.

"काही नाही. बरं वाटतंय."

मी चहा प्यायले. चांगला झाला होता. डॉक्टरबाईंना फोन करावा असं वाटलं, पण काय सांगणार, माझा भाऊ गुणगुणतोय? ऐकणाऱ्याने मलाच वेड्यात काढलं असतं. मी कामावर गेले. तिथे उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवली आणि मालकांची बोलणी खाल्ली.

दुपार कलली तेव्हा दुकानाच्या फोनवर पंखेवाल्याचा फोन आला. आमचे मोबाईल काम करताना खणात ठेवावे लागतात.

"ताई, तुमचा भाऊ येऊन गेला. कार्ड आणि पॉवर सप्लाय दोन्ही घेऊन गेला. तुमचं तर अजून नको नको चाललं होतं, म्हणून म्हटलं कानावर घालावं."

"पैसे कुठून आणले?"

"कॅमेरा विकला म्हणाला. खुशीत होता हो. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, सगळ्याबद्दल थँक्यू."

चहा, आवराआवर, कॅमेरा, सगळ्याबद्दल थँक्यू. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं एकेक जसंच्या तसं समोर येत होतं. मी मालकांना काय सांगितलं ते आठवत नाही. ते फक्त "जा, जा" म्हणाले एवढं आठवतं. खणातून मोबाईल घेतला आणि चालत चालत त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मग मी धावायला लागले. चप्पल तुटली ती हातात घेतली, सिग्नलला एका गाडीवाल्याने शिवी दिली ती ऐकली नाही. डोक्यात एकच चाललं होतं, मी त्याला इतके दिवस थोपवून धरलं आणि शेवटी ते माझ्या हातून सुटलं.

जिन्यात मला श्वास घेता येईना. कुलपात किल्ली जाईना, दोन्ही हातांनी धरून घातली. घरात आवाज नव्हता. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली आणि ओ आली नाही तर? मी तिथे उभी राहिले. खरं सांगते, त्या दारापुढे मला पळून जावंसं वाटलं. माझा भाऊ आत होता आणि मला उलट्या पावली जिना उतरून जावंसं वाटत होतं.

मग दार ढकललं.

तो जमिनीवर पालथा पडला होता. डोकं टेबलाखाली, फक्त पाय बाहेर दिसत होते. मी किंचाळले.

टेबल दणकन हाललं. "आई गं!" म्हणत तो मागे सरकला आणि टाळू चोळत उठून बसला. "काय झालं? केवढ्याने ओरडतेस! स्क्रू पडलाय माझा."

मी त्याला मारलं. हातात चप्पल होती, तिनेच दोन दिल्या, खांद्यावर. तो आडवा हात धरून "अगं, अगं" करत राहिला. मग मी मटकन खाली बसले आणि मला थांबवता येणार नाही असं रडू आलं. तो हलला नाही. उघडा कॅबिनेट आमच्या मध्ये होता, त्यात ते लांबलचक कार्ड व्यवस्थित मावलं होतं.

"फोन का उचलत नव्हतास?"

"पलंगावर आहे. आवाज बंद आहे."

"आणि पंखेवाल्याला कसलं रे थँक्यू?"

"इतक्या वेळा बघून बघून काही न घेता परत आलो आपण, त्या माणसाने एकदा तोंड वाकडं केलं नाही. थँक्यू नको म्हणू?"

मला हसू आलं, ते रडण्यातच मिसळलं. मग तो म्हणाला, "ताई, पैसे होते ना तुझ्याकडे?"

मी चप्पल खाली ठेवली.

"पैसे नसलेला माणूस आधी किंमत विचारतो. तू आधी लांबी विचारायचीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू घरी आलीस की आधी माझ्याकडे बघतेस. आहे की नाही, असं. तुझा चेहरा मला बघवत नाही तेव्हा. आणि कार्डावरून भांडायला लागलीस की विसरून जातेस, नेहमीसारखी कटकटी होतेस. म्हणून मीही चालू ठेवलं. एक कार्ड तर तुला तीनदा दाखवलं मी. तीनदा वेगळं कारण सांगून नाही म्हणालीस."

म्हणजे मी त्याला खेळवत होते आणि तो मला. मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"मग आजच का आणलंस?"

त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"सकाळी खरंच बरं वाटत होतं. चहा वगैरे, ते खोटं नव्हतं. दुपारी पुन्हा तसं वाटायला लागलं, मागच्या वर्षीसारखं."

रस्ताभर मी ज्याला घाबरत धावत आले होते, ते खरंच या खोलीत येऊन गेलं होतं.

"तुला फोन केला, तू उचलला नाहीस. खणात असतो ना तुझा. घरात बसलो तर बरं नाही एवढं कळत होतं. बाहेर जायला काहीतरी काम पाहिजे होतं. कॅमेरा घेतला आणि निघालो. कॅमेऱ्याचा भाव करण्यात वेळ गेला, मग पंखेवाल्याकडे गर्दी होती. मग हे घरी आणलं की जोडायला तर लागणारच होतं. तू येईपर्यंत पुरेल असं वाटलं."

मी मोबाईल बघितला. त्याचे फोन होते. मी त्याला दोनदा लावले, पण त्याचे आलेले माझ्या नजरेसही पडले नव्हते.

"आत्ता?" मी विचारलं. "आत्ता कसं आहे?"

त्याने खरंच विचार केला. मला बरं वाटावं म्हणून पटकन काहीतरी बोलला नाही. "कमी आहे. पण आहे."

मला वाटलं होतं, तो कधीतरी मोकळेपणाने बोलेल आणि माझी भीती जाईल. तो बोलला आणि भीती दुप्पट झाली. माझ्याकडे एकही फाटा शिल्लक नव्हता. सगळे भाग येऊन पडले होते.

"डॉक्टरबाईंना सांगायला पाहिजे," मी म्हणाले आणि नंबर शोधायला लागले. बोटं चुकत होती, दुसरीच नावं लागत होती. त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला, नंबर लावला आणि कानाला धरला.

"मीच बोलतोय," तो म्हणाला. "हो. आज दुपारी. नाही, काही केलं नाही, दुकानात गेलो. हो, औषध घेतोय. उद्या सकाळी? येतो." मग तो बराच वेळ ऐकत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, दुसरीकडे कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

"आहे ना, ताई इथेच आहे," तो म्हणाला. "नाही, ती ठीक नाहीये. ती फार घाबरलीय, डॉक्टर. वर्षभर घाबरलेलीच आहे. तिच्याशीपण बोला."

आणि त्याने फोन माझ्या हातात दिला.